इचलकरंजीएवढ्या शहराचा क्लब

२०११च्या जनगणनेत ऐझॉल शहराची लोकसंख्या होती २ लाख ९३ हजार. इचलकरंजीची २ लाख ८७ हजार. मी इचलकरंजीचा. त्यामुळे हा आकडा एकदा वाचला आणि डोक्यातून गेलाच नाही. आमच्याएवढीच माणसं असलेलं शहर, जिथं जायला आपल्याला परमिट काढावं लागतं, त्याचा क्लब २०१५ मध्ये देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये पोचला, २०१६ मध्ये खाली पडला आणि २०१७ मध्ये तीच लीग जिंकला. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून.

तेव्हा सगळीकडे एकच उपमा चालली होती: भारताचं लेस्टर सिटी. मला ती कधीच पटली नाही. लेस्टर जिंकल्यावर इंग्लंडने आपली वरची लीग उचलून दुसरीकडे नेली नाही.

आणि ऐझॉलच्या या गोष्टीत पुणे आहे, मुंबई आहे, गोवा आहे. आपण तिच्यात जागोजागी आहोत. फक्त त्यात मिरवण्यासारखं फारसं काही नाही.

*

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय मला या क्लबचं एवढं का पडलंय ते कळणार नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेल्या पोराला फुटबॉल शिकवावा लागत नाही. इचलकरंजीहून तासाभरात कोल्हापूर. आप्पांचे चार माग होते, पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार किंवा खंडोबा आणि शिवाजी असा सामना असला की मागांची जबाबदारी काकांवर टाकून आप्पा मला गाडीवर पुढं बसवून निघायचे. स्टेडियम खच्चून भरलेलं. पेठेपेठेची पोरं, हलग्या, शिट्ट्या आणि अधूनमधून मारामारीसुद्धा. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही की महाराष्ट्रात, क्रिकेटच्या देशात, तालमींच्या फुटबॉलला एवढी गर्दी होते.

लहानपणी मी आप्पांना विचारलं होतं, "आपली टीम टीव्हीवर का दिसत नाही?"

"आपली म्हणजे कुठली रं?" आप्पा म्हणाले. "पाटाकडील दिसली तर शिवाजी पेठ टीव्ही फोडंल."

तेव्हा हसलो. उत्तर मात्र बरोबर होतं. कोल्हापूरचा फुटबॉल पेठेचा आहे. पेठ सोडून तो शहराचा झाला नाही, आणि शहराचा झाला नाही म्हणून देशाच्या लीगपर्यंतची वाट त्याला कधी सापडली नाही. तिथून अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळतो, पण क्लब म्हणून वरच्या लीगमध्ये कोल्हापूर नाही.

२०१३ मध्ये इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा पहिल्यांदा घराजवळ वरच्या लीगचा क्लब मिळाला. पुणे एफसी. २००७ साली सुरू झालेला, दुसऱ्या डिव्हिजनमधून खेळून वर आलेला, आणि मी यायच्या आदल्याच सीझनला आय-लीगमध्ये दुसरा आलेला. मॅच बालेवाडीत. बालेवाडीचं मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, स्टँड आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. खेळाडू लांब, बारीक दिसतात. आरडाओरडा केला तरी तो त्यांच्यापर्यंत पोचेल याची खात्री नाही. आम्ही मात्र ओरडायचो. दोन सीझन ओरडलो. मग २०१५ मध्ये क्लब बंद झाला. मालकांनी हात आखडता घेतला. शहराला कळलंसुद्धा नसेल.

बंद झालेला तो एकटा नव्हता. पुण्यात त्या काळात वरच्या लीगचे क्लब यायचे आणि जायचे, भाड्याच्या खोलीतल्या पोरांसारखे. भारत एफसी २०१४ मध्ये आला, एक सीझन खेळला, गेला. डीएसके शिवाजियन्स दोन सीझन वर खेळला, गेला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ टिकला, मग गेला, आणि त्याच्या जागी हैदराबाद आलं. पाच वर्षांत चार क्लब. मुंबईतही निराळं नव्हतं. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये मालकांनी बंद करून टाकला होता.

माझा रूममेट ऐझॉलचा होता. त्याला पुण्यात यायच्या आधी या शहराबद्दल एकच गोष्ट माहीत होती: जेजे लालपेखलुआ पुणे एफसीकडून खेळला होता. क्लब बंद झाल्याची बातमी मी त्याला दाखवली. त्याने शांतपणे वाचली आणि विचारलं, "मग लोक काय करणार?"

"कुठले लोक?"

"पुण्याचे. क्लब बंद झाला तर काही करणार नाहीत?"

मी त्याला काय सांगणार. त्याच वर्षी त्याच्या गावचा क्लब वर आला होता.

*

मिझोरामची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाखांच्या आत होती. एकट्या पुणे शहराची ३१ लाख. आणि तरी गेल्या वीस वर्षांत भारतीय फुटबॉलमधल्या कुठल्याही मोठ्या टीमची यादी उघडा, त्यात 'लाल'ने सुरू होणारं एक तरी नाव असतंच. सुरुवात केली शायलो मालसावमत्लुआंगाने, जो या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात ईस्ट बंगालकडून खेळला. मैदानात त्याला सगळे 'मामा' म्हणायचे. हे ऐकल्यापासून माझ्या डोळ्यासमोर उगाचच टोपी घातलेला एक माणूस येतो, त्याला इलाज नाही.

पण खेळाडू बाहेर जाऊन मोठे होणं वेगळं आणि आपल्या शहरात क्लब उभा राहणं वेगळं. कोल्हापूरला जे जमलं नाही ते तिथं कसं जमलं, हा माझा खरा प्रश्न होता, आणि रूममेटशी तासन्‌तास बोलून मला जे समजलं ते असं.

२०१२ मध्ये मिझोरामच्या फुटबॉल संघटनेने मिझोराम प्रीमियर लीग सुरू केली. राज्यातले मोजके क्लब, ठरलेलं वेळापत्रक, खेळाडूंना पैसे. आणि झोनेट नावाच्या तिथल्याच केबल चॅनेलने या मॅच थेट दाखवायला घेतल्या. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. कोलकात्याच्या किंवा मुंबईच्या कुठल्या चॅनेलने येऊन कृपा करायची वाट कोणी पाहिली नाही. घरातला टीव्ही लावला की गल्लीतला पोरगा दिसतोय. समालोचन मिझोत. म्हातारी माणसं बघतायत. ज्या पोराला कालपर्यंत 'अभ्यास कर' म्हणून ओरडत होते त्याला आता दुकानदार ओळखतोय.

दोन वर्षांत निकाल दिसला. २०१४ च्या मार्चमध्ये मिझोरामने संतोष ट्रॉफी जिंकली, फायनलमध्ये रेल्वेला ३-० हरवून. देशातली राज्याराज्यांची सगळ्यात जुनी स्पर्धा, आणि यांचं पहिलंच विजेतेपद.

ऐझॉल एफसी १९८४ चा. अनेक वर्षं स्थानिक क्लबच होता. रॉबर्ट रोमाविया रॉयटे या उद्योजकाने तो हातात घेतला, पैसे घातले, २०१५ मध्ये क्लबने दुसऱ्या डिव्हिजनची लीग जिंकली आणि मिझोरामचा पहिला क्लब म्हणून आय-लीगमध्ये गेला. (रॉयटे काही संत नव्हेत. २०१८ मध्ये निवडणूक जिंकून ते राज्याचे क्रीडामंत्रीही झाले. क्लबचा त्यांना फायदा झाला नाही असं मानायला मी तयार नाही. पण पुण्यातल्या मालकांना क्लबचा एवढा फायदा होऊ शकतो हे कधी वाटलंच नाही, कारण क्लबमागे लोकच नव्हते.)

*

आता गंमत सुरू होते.

२०१५-१६ च्या आय-लीगमध्ये नऊ टीम. ऐझॉल आठवी आली. नववी, म्हणजे सगळ्यात शेवटची, आली पुण्याची डीएसके शिवाजियन्स. आता साध्या अकलेच्या माणसाला वाटेल की खाली जाणार नववी टीम. पण डीएसके थेट प्रवेशाची टीम होती. म्हणजे खालून खेळत वर आलेली नाही, पैसे भरून वर बसलेली. अशा टीमला सुरुवातीला रेलिगेशन लागू नाही असा नियम. म्हणून शेवटची टीम वर राहिली आणि तिच्या वरची टीम खाली गेली.

आणि हे लागोपाठ दुसरं वर्ष होतं. आदल्या सीझनला शेवटची आली होती भारत एफसी. तीही पुण्याची, तीही थेट प्रवेशाची. तेव्हा तिच्याऐवजी खाली गेला होता धेंपो. गोव्याचा धेंपो, ज्याच्याएवढ्या राष्ट्रीय लीग तोवर कुणीच जिंकल्या नव्हत्या. पुण्याच्या दोन टीम दोन वर्षं तळाला राहिल्या, दोन्ही वेळा दुसऱ्याला ढकललं, आणि मग स्वतः दुकान बंद करून निघून गेल्या.

रूममेटने हा नियम मला एका रात्री मेसमधून परत येताना समजावून सांगितला. चिडून नाही. अगदी गणित सांगावं तसा. मी पुणेकर नाही हे त्याला माहीत होतं, पण मी 'आपल्याकडे' म्हणताना पुणेही धरतो हेही त्याला माहीत होतं.

खाली गेल्यावरही ऐझॉल गप्प बसली नाही. त्याच मे महिन्यात फेडरेशन कपमध्ये बंगळुरूला घरी पाठवून ती फायनलपर्यंत गेली. गुवाहाटीला फायनलमध्ये मोहन बागानने ५-० धुतलं, ते जाऊ द्या.

मग गोव्याची पाळी आली. २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाने जो आराखडा मांडला त्यात आयएसएल ही वरची लीग होणार आणि आय-लीग तिच्या खाली जाणार असा बेत दिसत होता. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली. धेंपो दुसऱ्या डिव्हिजनमधून जिंकून परत वर आला होता, त्यानेही सोडली. ज्या लीगमधून वर जायची वाटच बंद केली तिच्यात कशाला खेळायचं, असा सरळ हिशेब. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. पण त्यामुळे लीगमध्ये जागा रिकाम्या झाल्या, आणि ऐझॉलला परत वर घेतलं गेलं.

म्हणजे पुण्यामुळे खाली, गोव्यामुळे वर. स्वतःच्या पायांनी जे मिळवलं होतं ते कागदावर गेलं आणि कागदावरच परत आलं. आता राहिली मुंबई.

*

खालिद जमील. जन्म कुवेतमधला, पण फुटबॉलर म्हणून मुंबईचा. महिंद्रा युनायटेडकडून खेळला, मुंबई एफसीकडून खेळला, आणि मग २००९ पासून सात वर्षं मुंबई एफसीचा कोच. कूपरेजवर मी त्याची टीम दोनदा पाहिली, मामाकडे मुंबईला गेलो असताना. खरं सांगायचं तर बघायला कंटाळवाणी. मागे दाटी करायची, समोरच्याला वैतागून सोडायचं, एखादा गोल मारायचा, एक पॉइंट घ्यायचा. पण कमी पैशांत, साध्या खेळाडूंवर सात वर्षं टीम वरच्या लीगमध्ये टिकवून ठेवली होती त्याने. २०१६ मध्ये मुंबई एफसीने त्याला निरोप दिला.

तो गेला ऐझॉलला. बरोबर मुंबईतले ओळखीचे काही खेळाडूही तिकडे गेले. त्यात जयेश राणे. कूपरेजवर ज्याला पिवळ्या जर्सीत पाहिलं तो राणे आडनावाचा पोरगा आता मिझोरामच्या डोंगरावर खेळत होता. आशुतोष मेहता होता. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधोमध सीरियाचा महमूद अल अमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. आणि यांच्याभोवती मिझो पोरं: झोहमिंगलियाना, लालरुआत्थारा, ब्रँडन, लालरामचुल्लोवा.

ती टीम कशी खेळायची ते सांगायला हवं, कारण 'जिद्द' वगैरे शब्दांत ते हरवतं. मिझो पोरं वेगवान. उंची कमी, पण बॉल पायाला चिकटलेला आणि दम न संपणारा. त्यांना पूर्वी एकच दोष चिकटवला जायचा, की पुढे धावतात आणि मागे परत येत नाहीत. खालिदने त्यांना परत यायला शिकवलं. मुंबईचा तो रटाळ बचाव आणि मिझोरामचा पळ, या दोन्हींचं मिश्रण झालं. बॉल गेला की सगळे मागे, मिळाला की अल अमनाकडे, आणि त्याने मान वर केली की दोन्ही बाजूंनी पोरं सुटलेली. मुंबईत पळणारे नव्हते म्हणून खालिदचा फुटबॉल रटाळ वाटायचा, हे मला तेव्हा कळलं.

२०१७ च्या जानेवारीत लीग सुरू झाली. दहा टीम, प्रत्येकी अठरा मॅच. आमच्या कात्रजच्या फ्लॅटमध्ये तेव्हा आम्ही चौघं राहायचो आणि नेट असायचं एकाच फोनवर. तो फोन स्टीलच्या डब्याला टेकवून मधोमध ठेवायचा. फेब्रुवारीपर्यंत रूममेट एकटा बघायचा, मी अधूनमधून. मार्चमध्ये सगळेच बघायला लागलो. घरच्या मैदानावर ऐझॉलला हरवणं भल्याभल्यांना जड जात होतं. टेबलमध्ये मोहन बागान आणि ऐझॉल, ऐझॉल आणि मोहन बागान.

२२ एप्रिलला ते दोघं समोरासमोर आले, ऐझॉलमध्ये. गोल होत नव्हता. शेवटची काही मिनिटं राहिली असताना झोहमिंगलियानाने गोल मारला. १-०. स्टेडियममधला आवाज फोनच्या छोट्या स्पीकरमधून फाटून येत होता आणि आमच्या फ्लॅटमध्ये त्याहून मोठा. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. काय झालं म्हणून विचारलं. "काकू, ऐझॉल जिंकली." त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं, आता जेवा."

शेवटची मॅच ३० एप्रिलला, शिलाँगला, लाजाँगविरुद्ध. एक पॉइंट पुरेसा होता. तिकडे कोलकात्यात त्याच वेळी बागान चेन्नई सिटीशी खेळत होता. ती जिंकली आणि ऐझॉल हरली, तर सगळं गेलं. रविवार होता. मिझोराममध्ये रविवार म्हणजे चर्च, दुकानं बंद, रस्ते रिकामे. रूममेटची आई एरवी रविवारी टीव्हीला हात लावू द्यायची नाही. त्या दिवशी तिने स्वतः लावला होता, असं तो पुढे कितीदा तरी सांगायचा.

सुरुवातीलाच लाजाँगच्या दिपांदा डिकाने गोल केला. त्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त गोल मारणारा माणूस तो. हाफटाइमला ऐझॉल ०-१ ने मागे. रूममेट गॅलरीत जाऊन उभा राहिला, आत येईना. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने गोल फेडला तेव्हा तो गॅलरीतच होता. आमचा आरडाओरडा ऐकून आत आला, रिप्ले पाहिला आणि परत बाहेर गेला. म्हणाला, "मी इथेच थांबतो. मी बाहेर असताना झालाय गोल." उरलेली मॅच त्याने आम्हाला विचारून विचारून ऐकली.

१-१. ऐझॉल ३७ पॉइंट, बागान ३६. ईशान्येकडच्या क्लबने देशाची वरची लीग जिंकण्याची पहिलीच वेळ.

त्याच टेबलच्या तळाशी होती मुंबई एफसी. शेवटची. ती खाली गेली आणि काही महिन्यांत बंदच झाली. खालिद ज्या क्लबमधून गेला तो संपला, ज्या क्लबमध्ये गेला तो चॅम्पियन झाला, आणि दोन्ही एकाच टेबलवर, एक वर, एक खाली. त्यावर मुंबईत कोणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. मीही काढला नाही.

*

चॅम्पियन झाल्यावर तीन आठवड्यांत काय चाललं होतं पाहा. ऐझॉलमध्ये मिरवणूक निघून गेलेली, आणि दिल्लीत चर्चा सुरू की आयएसएल वाढवायची, नव्या शहरांसाठी बोली मागवायच्या. बोलीसाठी जी शहरं ठरली त्यांत ऐझॉल नव्हतं. असतं तरी उपयोग नव्हता, कारण फ्रँचायझी फीचे कोट्यवधी रुपये कुठून आणणार? वरच्या लीगमध्येच ठेवा, नाहीतर उपोषणाला बसू, असा इशारा रॉयटेंनी दिला. देशाच्या चॅम्पियन क्लबचा मालक उपोषणाची भाषा करतोय, कारण पुढच्या वर्षी आपण कुठल्या मजल्यावर असू हे त्याला माहीत नाही.

शेवटी दोन लीग एकाच वेळी चालवायचं ठरलं. बंगळुरू आयएसएलमध्ये गेलं. कागदावर आय-लीग अजून वरची होती, म्हणून २०१८ च्या जानेवारीत आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत भारताचा प्रतिनिधी म्हणून ऐझॉल इराणला गेली आणि झोब आहनकडून हरली. पण तोवर ती टीम राहिलीच नव्हती. खालिद आणि अल अमना ईस्ट बंगालला. जयेश, मेहता, अल्बिनो, लालरुआत्थारा आयएसएलमध्ये. २०१९ मध्ये आशियाई महासंघानेही शिक्का मारला: वरची लीग आयएसएल. पुढे आय-लीग जिंकणाऱ्याला आयएसएलमध्ये जायची वाट उघडली आणि २०२३ मध्ये पंजाब त्या वाटेने गेला. पण आयएसएलमधून खाली कोणी यायचं, हे २०२५ पर्यंत तरी सुरू झालं नाही.

मला यात राग पैशाचा नाही. फुटबॉलला पैसा लागतो. तालमीलाही लागतो, आमच्याकडे पेठेतले लोक वर्गणी काढतात. राग एवढाच की ज्याने जिना चढायचे कष्ट घेतले, तो वर पोचेपर्यंत वरचा मजलाच काढून शेजारच्या इमारतीवर बसवला, आणि तिथे फक्त लिफ्ट आहे, तीही तिकीट काढून.

*

२०२५ च्या जानेवारीत रूममेटच्या लग्नाला ऐझॉलला गेलो. तेव्हा रेल्वे अजून तिथवर पोचली नव्हती. कोलकात्याहून लेंगपुई विमानतळ, तिथं परमिट दाखवायचं, मग डोंगराच्या कडेकडेने सुमो. शहर असं की एका घराचं गच्चीचं दार दुसऱ्या घराच्या तळाशी. सपाट जागा म्हणून नाही. गाड्यांची रांग लांबच लांब, आणि हॉर्न कोणी वाजवत नाही. इचलकरंजीच्या माणसाला पहिले दोन तास ते विचित्रच वाटतं, काहीतरी बिघडलंय असं.

मुआलपुईचं राजीव गांधी स्टेडियम पाहिलं. कृत्रिम गवत, चारी बाजूंना डोंगर. मधे ट्रॅक असता तरी इथं आवाज पोचला असता, कारण डोंगर तो परत पाठवतो.

लग्नघरात त्याच्या आईशी बोललो. मिझोत मोठ्या माणसाच्या नावाआधी आदराने 'पु' लावतात, बाईंच्या नावाआधी 'पि'. मी 'पि' म्हणून सुरुवात केली तर त्या हसल्या आणि मुलाला म्हणाल्या, याला शिकवलंस वाटतं. मुलगा दुभाष्या. मी विचारलं, सगळे चांगले खेळाडू दरवर्षी निघून जातात, त्याचं वाईट वाटत नाही का? लालियानझुआला छांगते मुंबई सिटीचा कॅप्टन आहे. तो तर डीएसकेच्या पुण्यातल्या अकादमीत शिकला.

त्या म्हणाल्या, जाणारच की. पोरं आहेत, पोट आहे. छांगते खेळत असला की आम्ही मुंबई बघतो. आणि इथं नवीन पोरं येतात, ती झोनेटवर बघतो.

मी विचारलं, आणि खालिद?

त्या ताठ बसल्या. "पु खालिद," त्यांनी मला दुरुस्त केलं. मग मुलाला बरंच काही सांगितलं. तो भाषांतर करताना हसत होता. "ती म्हणतेय, तो फार कमी बोलायचा. आणि तिने त्याच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना केली होती, तो मुसलमान आहे हे माहीत असून. म्हणतेय, तुला भेटला मुंबईत तर सांग."

मला तो भेटला नाही. सात महिन्यांनी, १ ऑगस्टला, फोनवर बातमी आली: खालिद जमील भारताच्या टीमचा कोच झाला. मी ती रूममेटला पाठवली. त्याने उत्तरात एक फोटो पाठवला. घरातला टीव्ही, त्यावर झोनेट, स्थानिक मॅच चालू, आणि समोर पाठमोरी बसलेली आई. खाली लिहिलं होतं, "सांगितलं तिला. म्हणाली, हाफटाइमला बोलू."